कर्जातून निघालेला कॅनव्हासचा बूट : टॉमस बाटा यांची कहाणी

जयेंद्रगंज (ग्वाल्हेर) : 12 जुलै हा टॉमस बाटा यांचा स्मृतिदिन. बाटा हे दुकानाच्या पाटीवरचं नाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, माणसाचं नाव म्हणून फार थोड्यांना. आमच्या इथे लष्कर भागात कुणालाही विचारा, बाटा कंपनी कुठली? कुणी कलकत्त्याची सांगेल, कुणी पंजाबची. एका गृहस्थांनी तर मला ती टाटांचीच धाकटी पाती असल्याचं खात्रीने सांगितलं. बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर, बडोदा इथल्या वाचकांचा अनुभवही फार वेगळा नसावा.

खरं म्हणजे हा माणूस चेक. मध्य युरोपात आज ज्याला चेक प्रजासत्ताक म्हणतात, त्यातल्या मोराविया प्रांतातल्या झ्लीन नावाच्या छोट्या गावचा. त्यांच्या भाषेत आडनावाचा उच्चार साधारण बात्या असा होतो, म्हणजे आपल्या नात्या-बंड्यांच्या ओळीत शोभेल असा. ट इंग्रजीच्या वाटेने आला आणि कायम राहिला.

पण आज त्यांची आठवण काढायची ती पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटासाठी. ज्याला हल्लीची मुलं स्नीकर म्हणतात आणि आम्ही पीटीचे बूट म्हणायचो, तो बूट कुठल्या फॅशनवाल्याच्या डोक्यातून निघाला नाही. त्यातला कापडाचा भाग एका तरुण कर्जबाजारी चांभाराच्या अडचणीतून आला. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे मला ही गोष्ट जोड्याच्या अंगाने कमी आणि जमाखर्चाच्या अंगाने जास्त दिसते, हे आधीच सांगून ठेवतो.

चांभाराच्या घरातला मुलगा

टॉमसचा जन्म 3 एप्रिल 1876 चा. तेव्हा झ्लीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवायचा धंदा. वडील अंतोनीनही तेच करायचे. टॉमस दहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, बिऱ्हाड दुसऱ्या गावी हललं. शाळा फारशी झाली नाही, हात मात्र लहानपणापासून कातड्यावर बसला. उरल्यासुरल्या तुकड्यांतून तो चिमुकले जोडे करायचा. पौगंडावस्थेतच त्याने व्हिएन्नाला जाऊन स्वतःचा धंदा करून पाहिला, तो जमला नाही आणि त्याला घरी परतावं लागलं.

1894 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, टॉमसने थोरला भाऊ अंतोनीन आणि बहीण अन्ना यांच्यासह झ्लीनमध्ये जोड्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणायचा तो कौतुकाने. भाड्याच्या खोल्या आणि हातावर मोजण्याइतके कामगार. भांडवल होतं आईच्या मागे राहिलेल्या पैशातलं, 800 गुल्डन. धंद्याची नोंद थोरल्या भावाच्या नावावर झाली, कारण टॉमस कायद्याने अजून सज्ञान नव्हता. त्या काळच्या चांभारी धंद्यात नवीन गोष्ट एवढीच, की कामगाराला कामाची ठरलेली वेळ आणि दर आठवड्याला पगार.

वर्षभरात धंदा गळ्यापर्यंत बुडाला. कातडं उधारीवर घेतलेलं, विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर येत नाहीत, देणेकरी दारात. त्यातच अंतोनीनला सक्तीच्या लष्करी नोकरीचं बोलावणं आलं. एकोणीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात सगळं देणं पडलं.

आता इथे थोडा हिशेब करू. जोड्याच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा कातड्याचा. कातडं रोख मिळालं तर स्वस्त, उधार मिळालं तर महाग, आणि पत गेली की मिळतच नाही. शिवाय कातडं हा माल एकसारखा नसतो. पाठीचं जाड, पोटाचं पातळ. कुठे जखमेचा व्रण, कुठे गोचिडीचं छिद्र. प्रत्येक तुकडा डोळ्याने पारखून वेगळा कापावा लागतो, त्यासाठी मुरलेला कारागीर लागतो आणि तरीही बरंच कातडं वाया जातं. या पोराने काय केलं, तर कातड्याऐवजी कापड घेतलं. कॅनव्हास, म्हणजे तंबूला, शिडाला वापरतात ते जाड सुती कापड. तळ कातड्याचाच ठेवला, कारण रस्त्यावर तो झिजायचा. वरचा भाग मात्र कापडी. कापड गठ्ठ्याने मिळतं, सगळीकडे सारखं असतं, थरावर थर रचून एका वेळी कापता येतं आणि शिवायला सोपं जातं. थोडं कातडं हाताशी होतं, तेवढ्यातूनच पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जोड निघू लागले.

हलका, स्वस्त आणि कामकऱ्याला परवडणारा हा जोडा 1897 च्या सुमारास बाटोव्की म्हणून ओळखला जाऊ लागला. तो इतका खपला, की देणं फिटलं आणि कामगारांची संख्या पन्नासवर गेली. धनकोंची तोंडं बंद व्हायला हवी होती, ती झाली. पुढच्या सगळ्या साम्राज्याचा पाया हा असा घातला गेला.

बूट उलगडून पाहिला तर

पण कापडी जोडा म्हणजे अजून आपला पीटीचा बूट नव्हे. त्याला रबराचा तळ हवा आणि ती गोष्ट दुसरीकडे घडली होती. कच्चं रबर उन्हाळ्यात वितळतं आणि थंडीत तडकतं. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे अशा रबराचा तळ रस्त्यालाच चिकटून राहिला असता. 1839 मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना कळलं, की रबरात गंधक घालून तापवलं की ते घट्टही होतं आणि लवचीकही राहतं. याला व्हल्कनायझेशन म्हणतात. गुडइयर स्वतः मात्र कर्जातच मेले. त्यांच्या नावाची टायर कंपनी त्यांची नव्हे, नंतर इतरांनी सन्मानाने ठेवलेलं ते नाव.

इंग्लंडात समुद्रकाठी फिरायला जाणाऱ्यांसाठी कापडी वर आणि रबरी खाली असे बूट एकोणिसाव्या शतकातच निघाले. त्यांना प्लिमसोल म्हणू लागले. जहाजात किती माल भरावा हे दाखवणारी जी रेघ जहाजाच्या अंगावर असते, ती प्लिमसोल रेघ. बुटाच्या कडेने जाणारी रबरी पट्टी तशीच दिसायची, तिच्या वर पाणी गेलं की पाय भिजलाच. अमेरिकेत अशा बुटांना स्नीकर म्हणू लागले, कारण रबरी तळाने पावलांचा आवाज होत नाही. चोरपावलांचे बूट म्हणा ना. तिथे 1916 ला केड्स आणि 1917 ला कॉन्व्हर्सचा बास्केटबॉलचा ऑल स्टार आला.

ती कडेची पट्टी साधी दिसते, पण बुटाचा जीव तिच्यात आहे. कापड आणि रबर हे दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ. पाऊल वाकलं की कापड एकीकडे ओढतं, तळ दुसरीकडे. नुसतं चिकटवलं तर पंधरा दिवसांत तोंड उघडतं. म्हणून जोडाच्या जागी चारी बाजूंनी रबराची पट्टी गुंडाळतात. पुढे बोटांपाशी, जिथे ठेच लागते आणि पाऊल घासतं, तिथे रबराची टोपी किंवा जाड पट्टी.

वरच्या अंगाचे दोन भाग : पुढचा, बोटं झाकणारा, आणि मागून दोन्ही बाजूंनी येणारे पाखे. कापड बहुधा दुहेरी असतं, बाहेर जाड, आत मऊ, मध्ये रबराच्या चिकाचा पातळ हात. पाखे समोर जिथे भेटतात तिथे नाडीची भोकं, आणि भोकांना धातूच्या रिंगा, नाहीतर नाडीच्या ओढीने कापड फाटेल. नाडीखाली जीभ, म्हणजे नाडी पायाच्या हाडावर रुतत नाही. मागे टाचेवर दोन्ही पाखे शिवतात, ती शिवण सगळ्यात आधी उसवते म्हणून तिच्यावर आणखी एक उभी पट्टी. काही बुटांना आतल्या बाजूला, तळाजवळ, दोन जादा रिंगा असतात. लहानपणी मला वाटायचं त्या चुकून राहिल्या. त्या हवेसाठी आहेत. कापड श्वास घेतं, रबर घेत नाही.

हे सगळं पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवतात. आग्रा आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथले कारागीर साच्याला फर्मा म्हणतात. बूट नीट बसतो की चावतो, हे निम्मं फर्म्यावर ठरतं. तळ, पट्टी, टोपी ही सगळी कच्च्या, गंधक घातलेल्या रबराची लावून झाली की फर्म्यासकट अख्खा बूट भट्टीत जातो. शंभर अंशांहून जास्त उष्णतेत तासाभरात रबर पिकतं आणि कापडात घट्ट रुततं. कातडी जोड्यासारखी तळाला टाचणी नाही, खिळा नाही. कारागिराच्या हाताचं काम जितकं कमी करता येईल तितकं कमी केलेलं आहे. झ्लीनच्या त्या पोराने 1895 च्या तंगीत जो विचार सुरू केला, तोच इथे टोकाला गेलेला दिसतो.

लिनची वारी

धंदा सावरल्यावर बाटा यांनी वाफेवर चालणारी यंत्रं आणली. 1904 मध्ये अमेरिकेतल्या जोड्यांच्या यंत्रांबद्दल वर्तमानपत्रात वाचून ते तीन कामगारांना घेऊन बोस्टनजवळच्या लिन शहरी गेले. लिन म्हणजे तेव्हाचं अमेरिकेचं आग्रा. तिथे सुरिनामहून आलेल्या यान मॅट्झेलिगर या कृष्णवर्णीय कारागिराने 1883 मध्ये जोडा फर्म्यावर ताणून बसवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलेलं होतं. निष्णात कारागीर दिवसाला पन्नासेक जोड करायचा, हे यंत्र सातशेपर्यंत जाऊ शके. बाटा तिथे मालक म्हणून हिंडले नाहीत, कामगार म्हणून कारखान्यात राबले आणि सहा महिन्यांनी परतले. झ्लीनला यंत्रं बसली.

1908 मध्ये अंतोनीन गेले. 1912 मध्ये बाटा यांचं लग्न झालं, 1914 मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव टॉमसच. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि सैन्याच्या बुटांची मागणी आली. युद्ध संपेपर्यंत कामगार हजारांच्या घरात गेले. हा पैसा सैनिकांच्या पायातला होता, हे लपवायचं कारण नाही. त्या काळच्या बऱ्याच मोठ्या कारखानदारांची कथा अशीच आहे.

खरी परीक्षा नंतर आली. साम्राज्य कोसळलं, चेकोस्लोवाकिया नवा देश झाला, नाणं आधी घसरलं आणि मग वधारलं. नाणं वधारलं की निर्यात महागते. गोदामात माल पडून, गिऱ्हाईक किंमत उतरायची वाट बघतंय. अशा वेळी बाकीचे व्यापारी कामगार कमी करत होते. बाटा यांनी 1 सप्टेंबर 1922 पासून सगळ्या जोड्यांच्या किमती निम्म्यावर आणल्या. कामगारांची मजुरी 40 टक्के कापली, पण त्यांना धान्य, कपडा आणि इतर गरजेच्या वस्तू निम्म्या भावात दिल्या. गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या, गोदामं रिकामी झाली आणि कारखाना पुन्हा पूर्ण वेगाने चालू लागला. आमच्या वर्गात मागणीची लवचिकता शिकवायला पेन्सिल आणि मिठाची उदाहरणं द्यायचे. हे उदाहरण दिलं असतं तर शेवटच्या बाकावरही समजलं असतं.

9 ने संपणारी किंमत, म्हणजे 100 ऐवजी 99, ही बाटाची किंमत म्हणून प्रसिद्ध झाली. ती युक्ती मूळ त्यांचीच की आणखी कुणाची, या वादात शिरत नाही. आपल्याकडच्या बाजारात ती रुजवली ती मात्र बाटाच्या दुकानांनी. अनवाणी लोकांच्या मुलखात गेलेल्या दोन सेल्समनची गोष्टही त्यांच्या नावावर सांगतात. एक म्हणतो इथे कुणी जोडे घालत नाही, धंदा नाही. दुसरा म्हणतो कुणीच घालत नाही, केवढा धंदा आहे. हीच गोष्ट मी निदान तीन कंपन्यांच्या नावावर ऐकली आहे, त्यामुळे तिला गोष्टच समजावं.

1924 पासून कारखान्यात नफ्याची वाटणी सुरू झाली. प्रत्येक खातं म्हणजे वेगळी पेढी. कापणी खात्याने शिवण खात्याला माल विकायचा, शिवणने तळ खात्याला, आणि दर आठवड्याला ताळेबंद. नफा झाला तर कामगाराला वाटा, तोटा झाला तर जबाबदारांच्या वाट्याला तोटाही. 1923 मध्ये बाटा झ्लीनचे महापौर झाले आणि मरेपर्यंत राहिले. लाल विटांची घरं, बाग, शाळा, इस्पितळ, सिनेमागृह असं कामगारांचं अख्खं शहर त्यांनी उभं केलं. 1930 मध्ये पाच दिवसांचा आठवडा आला.

याची दुसरी बाजूही आहे. कामगार संघटना त्यांना चालत नसे. 1906 च्या संपानंतर त्यांनी संपकऱ्यांपुढे मान तुकवली नाही आणि पुढेही संघटनेला कारखान्यात पाय ठेवू दिला नाही. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, महापौरही कंपनीचेच मालक. मग तक्रार करायची कुणाकडे? युरोपभरच्या छोट्या चांभारांनी त्यांच्याविरुद्ध ओरड केली, ती उगाच नव्हती. फ्रान्सने तर 1936 मध्ये नवे जोड्यांचे कारखाने काढायला बंदी करणारा कायदा केला, त्याचा रोख बाटाकडेच होता.

कलकत्त्याची फेरी आणि धुकं

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर जगभर मंदी आली. देशोदेशींनी आयातीवर जकाती लावल्या. झ्लीनहून माल पाठवणं परवडेना, म्हणजे जिथे गिऱ्हाईक तिथे कारखाना काढायचा, असं बाटा यांनी ठरवलं. डिसेंबर 1931 मध्ये ते स्वतःच्या विमानाने पूर्वेकडे निघाले आणि मध्यपूर्वेच्या वाटेने हिंदुस्थानात आले. त्या काळात विमानाने धंद्याची पाहणी करणं म्हणजे धाडसच.

इथे त्यांना काय दिसलं असेल, त्याचा अंदाज बांधता येतो. कलकत्त्याहून कातडी परदेशी जात होती आणि ज्या देशाची कातडी जात होती त्यातले बहुसंख्य लोक अनवाणी होते. स्वस्त रबरी बूट जपानहून येत होते. त्याच डिसेंबरात कलकत्त्यात कंपनीची नोंदणी झाली आणि 1932 मध्ये हुगळीकाठच्या कोन्नगरला छोट्या प्रमाणावर काम सुरू झालं.

ते वाढलेलं पाहायला बाटा राहिले नाहीत. 12 जुलै 1932 च्या पहाटे त्यांना स्वित्झर्लंडला मोह्लिन गावी जायचं होतं, तिथे कंपनीचं नवं काम चालू होतं. झ्लीनजवळच्या ओत्रोकोवित्से विमानतळावर दाट धुकं. वैमानिक इंद्रिख ब्रोउचेक यांना धुकं विरेपर्यंत थांबावं असं वाटत होतं. बाटा यांना थांबायची सवय नव्हती. त्यांचं युंकर्स विमान उडालं आणि लगेच कारखान्याच्या परिसरातच कोसळलं. दोघेही गेले. बाटा 56 वर्षांचे होते. त्या वेळी कंपनीत सोळा हजारांवर कामगार आणि दीड हजारांवर दुकानं होती. वेळेचा इतका कडक हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्या सकाळचा अर्धा-पाऊण तास जड झाला, हे वाचताना मी दर वेळी थबकतो.

सावत्र भाऊ यान अंतोनीन यांनी धंदा हाती घेतला. झ्लीनची ती प्रसिद्ध उंच इमारत, जिच्या लिफ्टमध्येच मालकाची कचेरी होती, ती यान यांच्या काळातली, 1938 ची. पुष्कळ ठिकाणी ती टॉमस यांच्या नावावर खपवतात.

पीटीचा बूट, बर्लिन आणि आपण

1934 मध्ये कलकत्त्याच्या नैर्ऋत्येला हुगळीच्या काठी नव्या कारखान्याची कोनशिला बसली आणि झ्लीनच्याच धर्तीवर वसाहत उभी राहिली. तिचं नाव बाटानगर. 1936 मध्ये तिथे हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांच्या व्यायामाच्या तासासाठी साधा कॅनव्हासचा बूट तयार झाला, तोच बाटा टेनिस. टेनिस खेळणारे आपल्याकडे किती होते देव जाणे, पण नाव तेच पडलं. झ्लीनच्या कर्जातलं कापड आणि गुडइयरच्या शोधातलं रबर अशी जोडी आपल्या पोरांच्या पायात पडली ती इथून.

योगायोग बघा. त्याच 1936 च्या 15 ऑगस्टला बर्लिन ऑलिंपिकमध्ये हॉकीचा अंतिम सामना हिंदुस्थान आणि जर्मनी यांच्यात झाला. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदान ओलं. मध्यंतराला आपली आघाडी फक्त एका गोलची, आणि तो गोल आमच्या ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या फौजेतल्या रूपसिंग यांचा. मध्यंतरानंतर त्यांचे थोरले भाऊ ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढले आणि रबरी तळाचे बूट घालून उतरले. सामना 8-1 ने जिंकला. ते बूट बाटाचे होते असं मी म्हणत नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या मैदानावर रबरी तळ काय करू शकतो, ते त्या दिवशी दिसलं. रूपसिंग पुढे ग्वाल्हेरातच राहिले, इथेच 1977 मध्ये गेले. त्यांच्या नावाचं स्टेडियम मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. 24 फेब्रुवारी 2010 ला सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक तिथेच केलं.

आमच्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे नव्वदीच्या आसपास, शुक्रवारी रात्री बूट धुऊन खिडकीत ठेवायचे आणि सकाळी पांढरा खडू घासायचा. ओल्या कापडावर खडू घासला तर पिवळे डाग पडतात, ही विद्या प्रत्येकजण एकदा मार खाऊन शिकला. जुन्या वाड्यांत आजी चामड्याचा जोडा उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. कापडी बुटाला मात्र तेवढी हरकत नसायची. चामडं नाही म्हणून विटाळ नाही. या बारीक फटीतून तो बूट कितीतरी घरांत शिरला असेल.

आणि चामडं कमावणाऱ्यांचं काय? बाटा जन्माने चांभाराचा मुलगा. त्याने काढलेल्या यंत्रमालाने जगभरच्या चांभारांचा हातचा धंदा घटला, आणि आपल्याकडे तर त्या धंद्याला जातीचं जोखड आधीपासून होतं. झ्लीनमध्ये चांभाराचा मुलगा महापौर झाला. आपल्या मुलखात त्याच कामाला हात लावणाऱ्याला पाणवठाही बंद होता. याला बाटा जबाबदार नाहीत, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कोल्हापुरी चप्पल अजून टिकून आहे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेची रेघ कारागिराच्या हाताला कळत नाही हे सरकारी कागदानेच मान्य केलं, असं मी म्हणतो.

महायुद्ध झालं, 1945 मध्ये चेकोस्लोवाकियातले बाटांचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. मुलगा टॉमस आधीच कॅनडाला गेला होता, त्याने तिथून धंदा पुन्हा बांधला. 2008 मध्ये तोही गेला. झ्लीनमध्ये बाटा यांचं स्मारक आहे, सगळी काचेची इमारत, आत कोसळलेल्या विमानासारखं विमान टांगलेलं.

जयेंद्रगंजात रस्त्याच्या कडेला बसणारे एक मोची आहेत. कोल्हापुरीचा पट्टा, कातडी जोड्याचा तळ, सँडलचं बक्कल, सगळं दुरुस्त करतात. कॅनव्हासचा बूट तळापासून सुटला तर मात्र ते आधी मान हलवतात. भट्टीत एकजीव झालेलं रबर परत भट्टीशिवाय तसं चिकटत नाही. नवा तळ बसवायला मूळ तळाला शिवणच नाही. मग जाड दोरा मेणातून ओढून ते पट्टीच्या वरून आरपार टाके घालतात. बूट आणखी तीन-चार महिने चालतो. या कामाचे वीस रुपये घेतात.